"कसं वाटलं?" असं विचारूच नका, "कुठं थांबलात?" ते विचारा

एका पोरीचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "मावशी, मी २४ वर्षांची, लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करायलेय. वर्षभरात अभ्यासाच्या मधेमधे हाताला लागतील त्या कादंबऱ्या वाचल्या. शोध एका रात्रीत संपवली. ययाति अर्ध्यात सोडली. कोसलाचा राग आला. बनगरवाडी बरी वाटली पण त्यात काय एवढं असं झालं. पाचोळा वाचताना रडले. रणांगण कळलीच नाही. रूममेट म्हणते तुझी टेस्टच खराब आहे, मोठमोठ्या पुस्तकांना नावं ठेवतेस. खरंच खराब आहे का, आणि सुधारायची कशी?"

अगं, आधी हे सांग की तुझ्या रूममेटनं यातली किती वाचलीयत. नाही, चेष्टा करत नाही, पण मी औशाकडच्या एका तालुक्याच्या गावात 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात २८ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसलेय आणि माझा अनुभव असाय की पुस्तकाला मोठं म्हणणारी निम्मी माणसं ते दुसऱ्याकडून ऐकून म्हणत असतात. तू निदान वाचून नावं ठेवतीस.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. पहिली दोन-तीन वर्षं मी पुस्तक परत घेताना हौसेनं विचारायची, कसं वाटलं? शंभरातले नव्वद जण म्हणायचे "छान". अर्नाळकरांची झुंजारकथा असो नाहीतर भैरप्पांची अनुवादित जाडजूड कादंबरी असो, छान. मग एक दिवस एका रिटायर गुरुजींना सहज विचारलं, कुठवर आलात? तर माणूस अर्धा तास बोलला की हो! कुठं कंटाळा आला, कुठं उठून पाणी प्यायला गेले, कुणाला शिव्या घातल्या, सगळं. तेव्हापासून मी "कसं वाटलं" विचारणंच सोडून दिलं. "कसं वाटलं" म्हणलं की माणसाला वाटतं आपली परीक्षा घ्यायलेत, आणि "कुठं थांबलात" म्हणलं की तो खरं बोलतो, कारण त्यात पास-नापास काही नसतं.

आणि माणूस नाही बोलला तरी पुस्तक बोलतंच. कधी जुन्या वाचनालयातलं एखादं पुस्तक मिटून, पाठीकडून न्हाई, पानांच्या कडेकडून बघ. जिथवर लोकांनी वाचलंय तिथवर ती कड बोटांच्या मळानं काळपट झालेली असते, आणि जिथं सोडलं तिथून पुढं पांढरी. आमच्याकडच्या ययातिची कड साधारण अर्ध्यापर्यंत काळी आहे आणि मग एकदम उजळ. म्हणजे तू जिथं सोडलीस तिथं तुझ्याआधी औसा-निलंग्याचे कितीतरी लोक उतरून गेलेत, तू काही एकटी नाहीस. कोसलाची कड बघशील तर पहिल्या पाऊणशे पानांत काळी, मग फिकट, आणि पुढं परत एकदा काळी. त्या दुसऱ्या काळ्या पट्ट्याबद्दल खाली सांगते.

आता तुझी यादी.

शोध एका रात्रीत संपली, त्यात लाजायचं काय? मुरलीधर खैरनारांनी ती संपवायलाच लिहिलीय, शिवाजी महाराजांनी सुरतेहून आणलेला खजिना, त्याच्या मागं लागलेली माणसं, नाशिककडचे डोंगर-किल्ले, पान उलटलंच पाहिजे अशी बांधणी. २०१५ ला आली तेव्हा आमच्याकडं दोन प्रती होत्या आणि महिनाभर एकही कपाटात दिसली नाही. पण तू एक चूक केलीस असं मला वाटतंय, तू लिहिलंयस त्या क्रमानंच वाचली असशील तर शोधच्या पाठोपाठ लगेच ययाति घेतलीस. पेढा खाऊन वर चहा प्यायला की चहा फिकाच लागणार, चहात साखर कमी होती असं कुणी म्हणू नये. पळत्या पुस्तकानंतर आठ दिवस जाऊ द्यायचे, नाहीतर मधे दुसरं काहीतरी, कविता, पेपर, अभ्यासाचं असेल ते. मी माझ्या कायमच्या वाचकांना रहस्यकथेनंतर सरळ जाड सामाजिक कादंबरी देतच नाही, ते मागत असले तरी जरा टाळते, "बाईंडिंगला गेलीय" म्हणते. खोटं बोलते, पण त्यांच्या भल्यासाठी.

ययातिचं तुझं म्हणणं मला अर्धं पटतं. खांडेकरांची १९५९ ची कादंबरी, पुढं १९७४ ला ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, त्यामुळं ती "वाचलीच पाहिजे" च्या खात्यात गेली आणि तिथंच तिचं नुकसान झालं. वाक्यावाक्याला सुविचार येतो, माझ्या आईच्या पिढीनं ते वहीत उतरवून घेतले, तुझ्या पिढीनं ते रोज सकाळी मोबाईलवर फुलांच्या चित्रावर वाचलेत, मग पुस्तकात परत दिसले की चिडचिड होणारच ना. त्यात खांडेकरांचा दोष किती आणि मोबाईलचा किती देव जाणे. पण ती एकट्या ययातीची गोष्ट नाही, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आळीपाळीनं सांगतात. तू ययातीच्या रडगाण्याला कंटाळून सोडली असशील तर परत घेतल्यावर नुसती शर्मिष्ठेची प्रकरणं वाच. होय, असं मधलंच वाचलेलं चालतं, कुणी पोलिसात देत नाही.

बरं मधलंच वाचण्यावरून आठवलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला आमच्याकडं भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. घर पडलं, माणसं वाचली. पुढं बरेच महिने पत्र्याच्या शेडमधी राहिलो आणि कुठून कुठून मदतीचे कपडे यायचे, त्या कपड्यांच्या एका गठ्ठ्यात मृत्युंजय निघाली, पुढची पन्नासेक पानं फाटलेली. मला कुणी सांगितलं नव्हतं की हे मोठं पुस्तक आहे, लेखकाचं नाव पण पानाबरोबर गेलेलं. आणि त्यात कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण असे सहाजण बोलतात, त्यामुळं मला कितीतरी वेळ कळेचना की आत्ता "मी" म्हणतंय ते कोण. तरी मी ती कंदिलाच्या उजेडात वाचली, घर नसलेल्या माणसाची गोष्ट म्हणून वाचली. पुढं वाचनालयात लागल्यावर पहिल्यापासून नीट प्रत वाचली तर खरं सांगते, भाषा फार नटलेली वाटली, पहिल्यासारखं काही झालंच नाही. आता यातली माझी खरी प्रतिक्रिया कोणती? मी दोन्ही ठेवल्यात. एक पत्र्याच्या शेडमधली, एक टेबलावरची. कुणी विचारलं मृत्युंजय कशी आहे, तर मी उलट विचारते, तुम्ही सध्या कुठं राहताय, काय चाललंय तुमचं.

तुझ्या बनगरवाडीचं हेच आहे. माडगूळकरांची ही १९५५ ची कादंबरी, औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर कोवळा मास्तर जातो, शाळा जमवतो, तालीम बांधायची खटपट करतो, बस. मी पण पहिल्यांदा वाचली तेव्हा म्हणलं गोड आहे, शाळेच्या पुस्तकात शोभंल अशी. मग २०१६ आलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल, तुला आठवत असेल, तू शाळेत असशील. आमच्या गावात टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, घागरींची रांग लावून बायका बसायच्या, मी पण बसायची आणि पिशवीत सहज टाकलेली बनगरवाडी होती. शेवटाकडं दुष्काळ पडतो, मेंढरं जातात, एकेक घर वाडी सोडून निघतं. माडगूळकर त्यात रडत नाहीत, ओरडत नाहीत, कोण गेलं आणि मागं काय राहिलं एवढंच सांगतात. मला रांगेत बसून पोटात गोळा आला. शेजारच्या बाईनं विचारलं काय झालं गं, मी म्हणलं काही न्हाई, पुस्तक हाय. "त्यात काय एवढं" हे तुझं म्हणणं आजच्या तारखेला खरंच आहे, फक्त त्याच्यापुढं तारीख टाकून ठेव.

आता पाचोळा. ही १९७१ ची, रा. रं. बोराडे सरांची, आणि सर लातूरकडचेच, त्यामुळं इथं मी थोडी पक्षपाती आहे हे आधीच कबूल करते. गंगाराम शिंप्याची बायको पारबती आपल्या तोंडानं सगळं सांगते, आपल्या भागातल्या बोलीत. तू रडलीस ते का रडलीस हे जरा तपासून बघ. गोष्ट दुःखाची आहे म्हणून तर आहेच, पण मला वाटतं तू आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या आज्जीसारखं बोलणारं माणूस छापलेल्या पुस्तकात पाहिलंस. पुण्याची मराठी वाचता वाचता आपल्याला वाटायला लागतं की पुस्तक म्हणजे दुसऱ्याच्या घरचं, पायातलं काढून आत जायचं. पारबती बोलायला लागली की असं वाटतं ही लेखकानं लिहिलीच नाही, वट्ट्यावर बसून शेंगा फोडत फोडत सांगायलीय. आमच्याकडं एक शिवणकाम करणारी बाई यायच्या, त्यांनी ती तीनदा नेली आणि तिसऱ्यांदा परत देताना म्हणल्या, "म्याडम, हिला कुणीतरी समजावून सांगायला पायजे होतं बघा." पात्राला मदत करायची इच्छा होणं, ही प्रतिक्रिया मला कुठल्याही परीक्षणापेक्षा मोठी वाटते.

पण हे पण ऐकून ठेव की रडू आलं म्हणजे पुस्तक थोर असं काही नसतं. रडवायची युक्ती फार सोपी आहे, सिरियलवाल्यांना विचार. आणि उलटं पण खरंय. सदानंद देशमुखांची बारोमास, २००२ ची, २००४ ला साहित्य अकादमी मिळालेली, शिकून नोकरी नसलेला एकनाथ आणि बुडत चाललेली शेती. आमच्याकडच्या शेतकरी वाचकांनी ती नेली आणि चार दिवसांत परत आणली. एकानं तर सरळ सांगितलं, "घरी हेच चाललंय, परत पुस्तकात कशाला वाचू, काहीतरी हसायचं द्या." ह्याला पुस्तक आवडलं नाही असं मी कसं लिहू? उलट इतकं खरं निघालं की सहन झालं नाही. म्हणून मी माझ्या वहीत "आवडलं नाही" आणि "सोसलं नाही" असे दोन वेगळे शब्द वापरते. तू पण वापर, फरक पडतो.

कोसला. तुला राग आला, उत्तम. आता तो राग कुणाचा आला ते शोधायचं: पांडुरंग सांगवीकरचा, नेमाड्यांचा, का ज्यानं "वाचच" म्हणून गळ्यात मारली त्याचा? हे तिन्ही राग वेगळे असतात आणि आपण सगळे पुस्तकाच्या नावावर टाकतो. पांडुरंग खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, बापाचा पैसा उडवतो, नापास होतो, परत गावी येतो. आता तू लातुरात दहा बाय दहाच्या खोलीत मेसचा डबा खाऊन वडलांनी सोयाबीन विकून पाठवलेल्या पैशात दिवस काढायलीस, तुला त्याचा राग नाही येणार तर कुणाला येणार! हा राग म्हणजे पुस्तक तुझ्यापर्यंत पोचल्याची पावती आहे. त्यातलं "उदाहरणार्थ" आणि "वगैरे" डोक्यात जातं हे मान्य, १९६३ ला ते नवीन होतं, नंतर कॉलेजातल्या पोरांनी इतकं ओढलं की मूळ माणूसच नक्कल करायलाय असं वाटायला लागलं. पण मी कडेचा दुसरा काळा पट्टा म्हणलं ना, तो धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू येतो त्या पानांचा. तिथं सगळी टिंगल एकदम थांबते. लोक ती पानं परत परत उघडतात, नुसती तेवढीच वाचायला पुस्तक नेणारा एक कंडक्टर माझ्याकडं होता, का ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू तिथवर गेलीस का? प्रश्नात तू लिहिलेलं नाही. गेली असशील आणि तरी राग असेल तर तो राग ठेव, माझी हरकत नाही.

रणांगणबद्दल जास्त बोलत नाही. विश्राम बेडेकरांचं हे पुस्तक १९३९ चं, युरोपातून इकडं येणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. पुस्तक बारकं आहे म्हणून लोक घेतात आणि तिथंच फसतात, कारण त्यात जे घडतं त्याच्या मागं काय चाललंय हे वाचकाला आधी ठाऊक असेल असं लेखक धरून चालतो. "कळली नाही" ही काही चवीची गोष्ट नाही, ती माहितीची गोष्ट आहे. तू परीक्षेसाठी दुसरं महायुद्ध करणारच आहेस, ते झाल्यावर त्याच आठवड्यात घे. तो मुंबईला उतरू शकतो आणि ती उतरू शकत नाही, एवढं लक्षात ठेवून वाच.

मिश्र वाचण्याचा जो तुला संकोच वाटतोय ना, तोच खरं तर तुझा फायदा आहे. एकाच जातीची पुस्तकं वाचणाऱ्याला आपली चव कधी कळतच नाही. आमच्याकडं एक बोअर मारून मारून दमलेले काका होते, चार बोअर कोरडे गेलेले, त्यांना मी "एका कोळियाने" दिली, हेमिंग्वेच्या १९५२ च्या कादंबरीचा पुलंनी केलेला अनुवाद. माणसानं जन्मात समुद्र पाहिलेला नाही. परत देताना म्हणले, "चौऱ्याऐंशी दिस मासा घावंना म्हणजे आपला बोअरच की वो, पाचशे फूट गेलो तरी धूळ." आणि मग गप बसले. नंतर म्हणले, "त्यो म्हातारा दुसऱ्या दिशी परत जातोच बघा, ह्योच तर इकार हाय." दुसरे एक ट्रॅक्टर गॅरेजवाले, त्यांना आनंद यादवांची गोतावळा दिलेली. नारबा नावाचा गडी, मालकाची जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि मालक ट्रॅक्टर आणतो. गॅरेजवाले म्हणले, "नारबाचं सगळं पटलं, पण ट्रॅक्टरची बाजू कुणीच लिहीना राव, त्याचे हप्ते कोण भरायलंय ते तरी लिवा." मी हसले, पण रात्री विचार केला तर माणूस बरोबर बोलत होता, ती कादंबरी अजून कुणीतरी लिहायची राहिलीय.

टेस्ट सुधारायची कशी विचारलंस. सुधारायची म्हणजे काय करायचं हे मलाच नीट माहीत नाही, पण तीक्ष्ण करता येते. एक साधी वही कर. पुस्तकाचं नाव, कुणी दिलं, कुठल्या दिवसांत वाचलं (परीक्षेच्या आधी, आजारपणात, येळवसेला गावाकडं गेल्यावर), कुठं थांबलीस, आणि थांबलीस तेव्हा उठून काय केलंस. छान, बोअर, मस्त, अप्रतिम हे शब्द वहीत बंद. स्टार तर अजिबात द्यायचे नाहीत, पाचातले तीन स्टार म्हणजे नक्की काय हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. मी १९९९ पासून अशी वही ठेवलीय, कधी कधी जुनी नोंद वाचून मला माझीच लाज वाटते, एका पुस्तकापुढं मी "बाई फार आगाऊ" एवढंच लिहून ठेवलंय आणि आज तेच पुस्तक मी लोकांना आपणहून देते.

आणि पिक्चर बघितला असेल तर तेही लिही. २०१३ ला दुनियादारीचा पिक्चर आला आणि शिरवळकरांच्या १९८२ च्या पुस्तकावर आमच्याकडं उड्या पडल्या, मग निम्मी पोरं परत येऊन म्हणायची, "मॅडम, ह्यात वेगळंच आहे." जणू पुस्तकानंच पिक्चर नीट बघितला नव्हता.

रूममेटला काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी असते तर तिच्या हातात कोसला दिली असती आणि आठ दिवसांनी विचारलं असतं, कुठवर आलीस.

शेवटी तू ओझरतं विचारलंयस की हिंदू घेऊ का, नेमाड्यांचीच, २०१० ची. कोसलाचा राग गेल्याशिवाय घेऊ नकोस, सहाशे पानांचं काम आहे. मी स्वतः दोनदा सोडलीय. आमच्या प्रतीत मधे कुठंतरी औसा-लातूर एसटीचं एक तिकीट खूण म्हणून घातलेलं सापडेल, ते माझंच आहे, ते तेवढं काढू नको.